तिथे लाइट लावत जा

१

तपासणीची खोली भरदुपारीही काळोखी ठेवावी लागे. बाहेर केंब्रिजचं ऊन असो की पाऊस, आत जाड काळा पडदा, आणि त्याच्या कडा खिडकीच्या चौकटीला खिळे मारून बसवलेल्या. कस्तुरी दार लावून घेई, हात धुई आणि यंत्राच्या हनुवटी टेकवायच्या जागेवर मऊ सिलिकॉनची पट्टी अंथरे. हे सगळं तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की दिवा लावायचीही गरज नसे. तिच्याकडे येणाऱ्या पेशंटांना उघडं प्लास्टिक चालत नसे. त्यांची कातडी नुसत्या घासण्याने सुटून येई, भिजलेल्या कागदासारखी, आणि खाली फोड उठे. जन्मापासून तसंच.

"चिकटपट्टी नाही ना?" तनूने नेहमीचा प्रश्न विचारला.

"चिकटपट्टीला या खोलीचा व्हिसाच मिळत नाही," कस्तुरीने नेहमीचं उत्तर दिलं.

तनू अकरा वर्षांची होती. जन्म आणि शाळा लंडनमधल्या हाउन्सलोची. मराठी घरातलं, पण तिने ते आपल्या सोयीने वाकवून घेतलेलं. महिन्यातून एकदा तिची आई, सीमाताई, तिला घेऊन इथवर येई आणि बाहेर बाकावर डबा मांडीवर घेऊन बसे. तनूने मऊ गॉजची घडी स्वतःच डाव्या डोळ्यावर धरली, हनुवटी टेकवली आणि पांढऱ्या घुमटात बघू लागली. घुमटाच्या मधोमध एक पिवळा दिवा. नजर त्याच्यावरून हलवायची नाही. आजूबाजूला कुठेही बारीक पांढरा ठिपका लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. एवढंच काम.

मोटरची घरघर सुरू झाली. ठिपका, टिक. ठिपका, टिक.

या यंत्राची एक खोड होती. आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यात एक जागा अशी असते जिथून डोळ्याची नस बाहेर पडून मेंदूकडे जाते. तिथे दिसण्याची सोयच नसते. अंधबिंदू. ते भोक आपल्याला जन्मभर जाणवत नाही, कारण मेंदू आजूबाजूचा रंग घेऊन तिथे ठिगळ लावतो. यंत्र मधूनच, गुपचूप, नेमक्या त्या जागी ठिपका लावून बघे. नजर स्थिर असेल तर तो दिसणं शक्य नाही. आणि तरीही पेशंटने बटण दाबलं, तर त्याचा अर्थ एकच: डोळा हलला, लबाडी झाली. मग यंत्र बारीक शिट्टी वाजवी.

शिट्टी वाजली.

कस्तुरीने कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहिलं. तनूची बाहुली मधोमध होती, खिळा ठोकल्यासारखी.

पुन्हा शिट्टी. बाहुली जागच्या जागी.

"तनू, पिवळ्या लाइटकडेच बघत्येयस ना?"

"हो ताई. प्रॉमिस."

तिसऱ्यांदा शिट्टी वाजली तेव्हा कस्तुरीने यंत्र थांबवलं. घरघर बंद पडली.

"आत्ता बटण का दाबलंस? काय दिसलं?"

तनूने हनुवटी उचलली नाही. घुमटातच बघत ती म्हणाली, "तिथे लाइट आली ना. मग कोणीतरी त्याच्यावर हात ठेवला."

२

सांगलीला इंटर्नशिप करताना कस्तुरीने असाच एक मुलगा पाहिला होता. चादरीला कातडी चिकटते म्हणून त्याच्या आईने त्याला केळीच्या पानांवर निजवलं होतं. रोज ताजी पानं. वॉर्डात कुणाकडेच त्याच्यासाठी दुसरं काही नव्हतं. तो गेला त्या दिवशी त्या बाईने शिल्लक पानं नीट घडी घालून पिशवीत भरली आणि घरी नेली. कस्तुरीच्या अंगात तेव्हापासून घाई शिरली, ती शिरलीच.

आता घाई करण्याजोगं काहीतरी हाती आलं होतं. नवं जेल. फोडांवर लावायचं, आठवड्यातून दोनदा. उंदरांवर प्रयोग झाले तेव्हा त्यांच्या डोळ्याच्या नसेला किंचित सूज आली होती, म्हणून माणसांवरच्या चाचणीत नसेवर लक्ष ठेवायला कस्तुरीला घेतलं होतं. डोळ्याच्या नसेचं मूळ हाच तिच्या पीएचडीचा विषय. जेल लावायला सुरुवात झाली त्या दिवशी तिने एका ट्यूबमधलं उरलेलं बोटभर जेल स्वतःच्या डाव्या हाताला, कोपराखाली, चोळलं होतं. नियमात ते अजिबात बसत नव्हतं. पण जे पोरांना लावायचं ते आपल्याला लावायला काय झालं, असा तिचा हिशेब. मग ती दर आठवड्याला लावत राहिली आणि कुणाला बोलली नाही.

आणि जेल काम करत होतं. तनूची बोटं पूर्वी दोनदा ऑपरेशन करून सुटी करावी लागली होती. फोड भरून येताना बोटं एकमेकांना जुळत आणि हाताची मूठ होऊन बसे. आता ती पेन्सिल धरत होती. टाळी वाजवत होती. सीमाताईंनी फोनवर त्या टाळीचा व्हिडिओ पाठवला होता, आणि त्याच्या शेवटी त्यांचा स्वतःचा आवाज होता, "पुरे, पुरे गं," आणि तो आवाज हसण्याचा नव्हता. हॅरोच्या मराठी मंडळात नवरात्रात भोंडला असे. तनू दर वर्षी खुर्चीत बसून बाकीच्या मुलींच्या फुगड्या बघे. या वर्षी आपण दोघी फुगडी घालू, असं कस्तुरीने तिला सांगून टाकलं होतं.

आणि आता ही शिट्टी.

एकट्या तनूचीच नव्हे. त्या महिन्यात जेल लावणाऱ्या प्रत्येकाची. त्याच यंत्रावर दुसऱ्या क्लिनिकचे पेशंट येत, त्यांच्या वेळी ते गप्प असे.

चाचणीचे प्रमुख डॉ. गिरीश राजाध्यक्ष. तीस वर्षांपूर्वी मुंबईहून इथे आलेले, कातडीच्या रोगांचे नावाजलेले डॉक्टर, आणि ताकसुद्धा फुंकून पिणारा माणूस. युनिटमध्ये सगळे त्यांना नुसतं गिरीश म्हणत. कस्तुरीची जीभ काही तिकडे वळत नसे.

"सर, कॅमेऱ्यात नजर पक्की आहे. यंत्राचंच काहीतरी बिनसलंय."

"इंजिनियर काय म्हणाला?"

"यंत्र ठीक आहे म्हणाला."

सरांनी मायक्रोवेव्हमधून चहा काढला, वास घेतला आणि परत आत ठेवला. "एकाचं असतं तर म्हटलं असतं, पोर कंटाळलं. सगळ्यांचंच होतंय तर मला कळायला हवं का ते. पुढच्या महिन्यात सुरक्षा समिती बसेल. मी त्यांना सांगेन, सहा महिने जेल थांबवू आणि बघू."

"सहा महिन्यांत तनूची बोटं परत जुळतील."

"मला सांगतेस? त्या बोटांना मी तिच्या जन्मापासून ओळखतो."

"मग तुम्ही असं कसं म्हणू शकता, सर?"

"म्हणून तर म्हणतोय. घाईने बरी केलेली माणसं निस्तरत मी म्हातारा झालो, कस्तुरी. तुला अजून वेळ आहे."

ती दाणदाण पायऱ्या उतरून काळोख्या खोलीत आली. यंत्राच्या सेटिंगमध्ये अंधबिंदूची तपासणी बंद करायची सोय असते. लहान मुलं शिट्टीने बिचकतात म्हणून पुष्कळ ठिकाणी ती बंदच ठेवतात आणि नुसत्या कॅमेऱ्यावर भागवतात. यात खोटं काही नव्हतं. तिने तसं स्वतःला दोनदा सांगितलं आणि त्या तपासणीपुढची बरोबरची खूण काढून टाकली.

३

त्यानंतरच्या तपासण्या सुरळीत झाल्या. घरघर, ठिपका, टिक. शिट्टी नाही. यंत्र आता त्या जागी काही विचारतच नव्हतं, तर उत्तर येणार कुठून?

फक्त खोलीला वास येऊ लागला. कस्तुरीला तो ओळखीचा होता. गोडसर, कुबट, दोन-तीन दिवस न बदललेल्या ड्रेसिंगचा. सांगलीच्या वॉर्डातला. पण तिच्या पेशंटांची बहुतेक ड्रेसिंगं तर आता सुटली होती. तिने खिळे उपटून पडदा धुवायला दिला. वास राहिला.

मग अंशुमन आला. वय सव्वीस, केंब्रिजलाच एका कंपनीत काम, आणि तोंडाने तिखट. रोगाने त्याच्या पाठीची चाळण केली होती, पण त्याबद्दल तो हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोले. जेलने त्याची पाठ भरून आली होती. आयुष्यात पहिल्यांदा तो खुर्चीला टेकून बसत होता.

"काय मॅडम, तुमच्या गुहेत आज अगरबत्ती लावायची राहिली वाटतं?"

"गप्प बस आणि समोर बघ."

तपासणी झाली. एकही चूक नाही. कस्तुरी खूश होऊन दिवा लावायला उठली, तर तो अजून हनुवटी टेकवून तसाच.

"संपलं रे."

"आज बाजूचा लाइट लावला नाहीस."

"कुठला?"

"तिथला." त्याने बोट दाखवलं नाही. "जिथे तो बसतो."

कस्तुरीचा हात दिव्याच्या बटणावर होता. तो तिथेच राहिला. "कोण बसतो?"

"मला वाटलं तुला माहीत आहे," अंशुमन म्हणाला. त्याच्या आवाजातलं तिखट कुठे गेलं कोण जाणे. "तूच तर त्याच्यावर लाइट मारत होतीस."

तिने दिवा लावला. खोली लगेच लहान, साधी झाली. स्टूल, सिंक, कचऱ्याचा डबा. ती त्याच्यासमोर बसली आणि मुलांना समजावतात तसं समजावू लागली. मेंदूला रिकामी जागा सहन होत नाही. म्हाताऱ्या माणसांची नजर गेली की त्यांना घरात पाहुणे दिसतात, झाडं दिसतात. ती वेडी नसतात. मेंदू ठिगळ लावतो, कधी ठिगळाला चेहरा येतो.

अंशुमनने सगळं ऐकून घेतलं. "पटलं. तू म्हणतेस तसंच असेल. पण एक कर. लाइट आला की तो डोळ्यांवर हात घेतो आणि बसून राहतो. आज लाइट नव्हता, आणि आज तो उठला. तेव्हा तिथे लाइट लावत जा."

आठवड्याने त्याचा फोन आला. जेल बंद केलंय, चाचणीतून नाव काढ.

"डोकं फिरलंय का तुझं? पाठ बघ आरशात."

"बघितली. लहान असताना रोज झोपताना हेच मागायचो." मग तो सावकाश म्हणाला, "फोडांची मला सवय आहे, कस्तुरी. फोड निदान माझे होते."

"म्हणजे काय?"

"ते गेले कुठे, याचा तू कधी विचार केलास?"

तिने त्याला पुष्कळ सुनावलं. पळपुटा म्हणाली. फोन ठेवून ती यंत्र पुसायला गेली, तर हनुवटीच्या सिलिकॉनच्या पट्टीला गॉजचा एक धागा चिकटला होता. लांब, पिवळा पडलेला, सुकून कडक झालेला. त्या दिवशी सकाळपासून खोलीत कुणी आलं नव्हतं.

चिमट्याने धरून तिने तो कचऱ्यात टाकला. सफाईवाल्याचं फडकं असेल. असणारच.

४

भीती वाटली की तिला स्वतःचाच राग येई. त्याच दुपारी आपल्या टेबलाशी बसून तिने कॉलेजातला जुना प्रयोग करून पाहिला. डावा डोळा मिटायचा, उजव्याने समोर दाराच्या मुठीकडे टक लावायची आणि चहाचा मग टेबलाच्या कडेने हळूहळू उजवीकडे सरकवायचा. एका जागी मग नाहीसा होतो. झाला. त्याच्या जागी मागची भिंत आली, सलग, जशी यायला हवी. तिच्याही हातावर जेल होतं, महिनोन् महिने होतं, आणि तिला भिंतीशिवाय काही दिसलं नव्हतं. ती मोठ्याने हसली. शेजारच्या टेबलावरची मुलगी वळून बघायला लागली.

भिंत निळसर होती. ठिगळ जरा पिवळट वाटलं खरं. पण जुन्या भिंतीला कुठे कुठे डाग असतातच.

तरीही समितीच्या आधीची तनूची तपासणी तिने पूर्ण रीतसर करायचं ठरवलं. अंधबिंदूची खूण परत घातली. शिट्टी वाजली तर वाजली, सरांना सगळं सांगून टाकू, असं तिने मनाशी पक्कं केलं. सीमाताईंना बाहेर बसवलं, दार लावून घेतलं.

घरघर. ठिपका, टिक.

कस्तुरी कान लावून बसली होती. तिला माहीत होतं, यंत्र मधेमधे त्या जागी ठिपका लावतंय. प्रत्येक वेळी तिचे खांदे आपोआप वर जात. पण घरघर चालू राहिली. टिक. टिक. तपासणी संपली आणि शिट्टी एकदाही वाजली नाही. खोलीला वासही नव्हता.

तिने अंधारातच स्वतःच्या तोंडावरून हात फिरवला. रडू येतंय की हसू, ते तिला कळेना.

"ताई, तू परत लाइट लावली," तनू म्हणाली.

"लावला. मग? दिसलं कोणी?"

"नाही."

"बघ. म्हटलं नव्हतं?"

"तो आता तिथे नाही बसत."

तनूने हनुवटी उचलली आणि आपले दोन्ही हात पुढे धरून निरखले. बोटं उघडी, मिटली, उघडी. "त्याची ड्रेसिंग कोणीच नाही करत, ताई. एवढे फोड आहे त्याला. माझ्यापेक्षा पण जास्त. आई माझी रोज करायची, दोन-दोन तास. त्याला तर आईच नाहीये. मला वाईट वाटला. मी म्हटलं, ये."

"कुठे ये?"

दार उघडलं आणि कॉरिडॉरचा उजेड आत पडला. "झालं का गं?" सीमाताई म्हणाल्या. "कस्तुरी, तुझ्यासाठी पण गुळपोळी आणलीय. पोटात काही आहे का सकाळपासून?"

प्रश्न राहून गेला. म्हणजे कस्तुरीने तो राहू दिला.

समितीने जेल चालू ठेवलं, शिवाय आणखी मुलं घ्यायला परवानगी दिली. सरांनी तिला आपल्या खोलीत बोलावून चहा पाजला, या वेळी ताजा. "मी चुकलो म्हणायचं. बरं वाटलं चुकून." मग सहज विचारल्यासारखं, "तो अंशुमन का गेला पण?"

"वैयक्तिक कारण, सर."

सर तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. तिने नजर हलवली नाही. नजर न हलवण्याची तिला सवय होती.

५

हॅरोच्या एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी भोंडला होता. मधोमध घडीची खुर्ची, खुर्चीवर हत्तीचं प्लास्टिक चढवलेलं चित्र, त्याला झेंडूचा हार. भोवती नऊवारीखाली खेळाचे बूट घातलेल्या बायका आणि मोबाइलमधून गाण्याचे शब्द वाचणाऱ्या मुली. उंच खिडक्यांतून लख्ख ऊन लाकडी जमिनीवर पडलं होतं. इतक्या उजेडात कस्तुरीला गेल्या दोन महिन्यांतलं सगळं खुळचट वाटायला लागलं.

तनूने जांभळं परकर-पोलकं घातलं होतं. सीमाताईंनी ते स्वतः शिवलं होतं, सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला, आत काही टोचू नये म्हणून. लांबून ती नक्षीच वाटे.

"आधी आईबरोबर," कुणीतरी म्हणालं.

सीमाताई पुढे आल्या. त्यांनी तनूचे हात हातात घेतले, तनूमुळे शिकलेल्या पद्धतीने: न घासता, न ओढता, नुसतं अलगद दाबून. अकरा वर्षं त्या हातांना त्यांनी सुई आणि गॉजसकटच स्पर्श केला होता. त्या तशाच उभ्या राहिल्या.

"मला नाही जमायचं गं," त्या कस्तुरीकडे वळून म्हणाल्या. "तूच घाल. तूच दिलेस तिला हे हात."

कस्तुरीने कुर्त्याच्या बाह्या कोपरावर सारल्या. हातांची अढी घालून दोघींनी एकमेकींचे हात धरले, पावलाला पाऊल भिडवलं.

"नजर माझ्या नाकावर ठेव," कस्तुरी म्हणाली. "इकडेतिकडे बघितलंस की चक्कर येते."

"मला येते ते. मशीनसारखं." तनूने अंग मागे टाकलं. मग हळूच म्हणाली, "तू एक डोळा बंद कर ना."

"का गं?"

"तुला पण दिसेल."

नाही म्हणता आलं असतं. पण समितीपुढे गेलेली ती स्वच्छ तपासणी तिच्या सहीची होती, आणि तिच्या मनातला एक हट्टी कोपरा म्हणत होता, बघ एकदा आणि संपव. तिने डावा डोळा मिटला, उजवा तनूच्या नाकावर रोवला, आणि पाय सुरू झाले.

आधी बायका वेगवेगळ्या दिसत होत्या. मग त्यांच्या साड्यांच्या रेघा झाल्या, खिडक्यांचे पट्टे झाले, हत्ती एक करडा फराटा होऊन भोवती फिरू लागला. सगळा हॉल दुधात रंग ढवळावा तसा वाहत होता. स्थिर होता फक्त तनूचा चेहरा, हसरा, वेणी वाऱ्यावर आडवी.

आणि तिच्या खांद्याच्या पलीकडे, जरा उजवीकडे, आणखी एक गोष्ट वाहत नव्हती.

कस्तुरीने तिकडे पाहिलं नाही. तिकडे पाहता येतच नाही. पाहायला गेलं की ती जागा सरकते. ती तनूच्या नाकाकडे बघत राहिली आणि ते तिला बाजूने कळत राहिलं. पिवळट पांढरं. गुंडाळलेलं. गुंडाळीचं एक टोक सुटून खाली लोंबत होतं, आणि एवढ्या गरगरीत तनूचा परकर फुलून छत्री झाला होता, ते टोक मात्र सरळ खाली. ते त्यांच्याबरोबर फिरत होतं. डोळ्यांवर हात नव्हते. हात पुढे केलेले होते, जसे फुगडीला बोलावल्यावर मुली पुढे करतात.

वास आला. गोडसर, कुबट.

डावा डोळा उघडायचा, की संपलं. दुसऱ्या डोळ्याला ती जागा दिसते. तिथे खिडकी दिसेल, टाळ्या वाजवणारी एखादी बाई दिसेल. हे तिला कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. आणि हेही, की त्याने फक्त दिसणं बंद होईल.

तिच्या डाव्या हाताला, कोपराच्या खाली, कुणीतरी धरलं.

घट्ट नाही. न घासता, न ओढता, नुसतं अलगद दाबून. ज्याला कातडी सुटून येण्याची भीती माहीत आहे तोच असं धरतो.

थांबायला हवं होतं. पण फुगडी एकीने थांबवून थांबत नाही. वेग दोघींचा असतो, आणि मधेच हात सुटला तर काय होतं ते प्रत्येक मुलीला ठाऊक असतं. साध्या मुलीचं कोपर खरचटतं. तनू या लाकडी जमिनीवर लांबवर घसरत गेली असती, आणि मागे जे राहिलं असतं ते गोळा करायला कुठलंच जेल पुरलं नसतं.

तिने पकड घट्ट केली. बोटांतले तनूचे हात कोरडे होते, ऊबदार, धडधाकट. त्या हातांना काही होत नव्हतं. सरकत होतं ते वर, तिच्या स्वतःच्या हातावर, त्या अलगद बोटांच्या खाली, भिजलेल्या कागदासारखं.

"सोडू नको हं, ताई," तनू हसत म्हणाली. "तो पहिल्यांदाच खेळतोय."

वाहत्या रंगांमधून सीमाताईंच्या टाळ्या येत होत्या, आणि त्यांचं ते हसणं, जे आता खरोखर हसणं होतं. कस्तुरीने डावा डोळा मिटलेलाच ठेवला, नजर हलवली नाही, आणि हात सोडले नाहीत.